साडेपंचवीस किलो

आप्पा पान्यावर उभे होते. चाकाच्या नटाला आडव्या लावलेल्या पान्याच्या टोकावर त्यांनी दोन्ही पाय दिले होते, एक हात गाडीच्या टपावर टेकला होता, आणि चौसष्ट वर्षांचा, बहात्तर किलोचा माणूस रविवारी सकाळी अंगणात वर-खाली झुलत होता. नट ढिम्म.

मी शेजारी जॅक घेऊन बसले होते आणि मनात गुणाकार करत होते. पाना चाळीस सेंटिमीटर, वजन बहात्तर किलो. म्हणजे सुमारे दोनशे ऐंशी न्यूटन मीटर. एमएस्सीचा निकाल लागून महिना झाला होता, नोकरीचा पत्ता नव्हता, आणि दिसेल त्या गोष्टीला आकडे लावत बसायची मला सवय झाली होती.

"उतरा खाली," स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई म्हणाली. तिच्या खांद्यावर ताईची महिन्याची मुलगी होती.

"आलाय. जरा हललाय."

हलला होता तो पाना. पुढच्याच झोक्याला तो नटावरून सटकला आणि आप्पा कुंड्यांमध्ये जाऊन बसले. नडगी चांगली वीतभर सोलली. त्यांनी फक्त पाना शोधला आणि नटाकडे बघितलं.

"गेल्या वर्षी टायर बदलताना त्या गॅरेजवाल्यानं हवेच्या गननं आवळलेत. बैल बांधल्यागत."

"मग गॅरेजलाच द्या की सोडायला," आई हळद घेऊन बाहेर येत म्हणाली.

"आणि परत आवळणार कोण? तोच?"

"नाहीतर जावईबापूंना कळवते. ते येतील त्यांची गाडी घेऊन."

आप्पांनी पाय पुढे केला आणि तिला हळद लावू दिली. पण मला त्यांच्या मानेची ताठलेली शीर दिसली.

पुढच्या रविवारी ताईचा सव्वा महिना पूर्ण होणार होता आणि बाळाला घेऊन ती सासरी, कणकवलीला जाणार होती. कोल्हापूरहून फोंडा घाट उतरून. लेक आणि नात आपल्या गाडीतून सोडायची, हे आप्पांनी बाळ जन्मलं त्या दिवशीच जाहीर केलं होतं. त्याआधी पुढचे ब्रेक पॅड बदलायचे होते. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं ट्रक आणि ट्रॅक्टर उघडलेल्या माणसाला हे काम म्हणजे तासाभराचा खेळ. पण चाकच निघेना.

"आप्पा, आपण इम्पॅक्ट रेंच घेऊया," मी म्हणाले. "नट सोडायचं यंत्र, बॅटरीवरचं. घरात ठेवू."

"कशाला? अजून हात हायत."

"हात आहेत. पण नडगी एकच उरली," आई म्हणाली.

मी त्या दुपारी कागद घेऊन बसले. तीन यंत्रांची माहिती गोळा केली, रकाने आखले. वजन, बॅटरी, मिनिटाला ठोके, आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना, पीळ देण्याची ताकद, न्यूटन मीटरमध्ये. एक दीडशेचं, एक तीनशेचं, एक सहाशेचं. सकाळचा दोनशे ऐंशीचा अनुभव डोळ्यांसमोर होता. दीडशेचं बाद. तीनशेचं काठावर. मी सहाशेच्या खाली दोन रेघा मारल्या.

आप्पा माझ्या मागे कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. त्यांच्या अंगात टी-शर्ट होता. निवृत्तीनंतर त्यांनी बटणांचे शर्ट जवळजवळ सोडूनच दिले होते आणि आम्ही त्यांना तरुण झालात म्हणून चिडवायचो.

"हे आकडे काय?"

"किती जोरानं फिरवतं ते."

"म्हणजे मापात हाय सगळं?"

"हो. अगदी मापात."

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. "उद्या जाऊया मग," ते म्हणाले. ते इतक्या सहज कबूल झाले याचा मला आनंद झाला. आश्चर्य वाटायला हवं होतं.

उद्यमनगरात शौकतभाई मुल्लांचं हत्यारांचं दुकान आहे. आप्पांची आणि त्यांची ओळख कारखान्याच्या काळापासूनची. आम्ही आत शिरलो तेव्हा ते चष्मा कपाळावर चढवून चहात बिस्कीट बुडवत होते.

"या, फिटरसाहेब. पाना मोडला का काय?"

"पाना हाय तसाच हाय. माणूस मोडला," आप्पांनी पँट वर करून नडगी दाखवली. "ही आमची धाकटी, सुमेधा. एमएस्सी. गन घ्यायची म्हणती."

शौकतभाईंनी तिन्ही यंत्रं काउंटरवर मांडली. मी कागद काढला. आप्पांनी एकेक यंत्र उजव्या हातात उचललं, जरा वेळ धरलं, आणि डाव्या हातात घेतलं. तिन्ही वेळा तसंच. वजन जोखत असतील, असं मी समजले.

"सोडायला पायजे का आवळायला?" शौकतभाईंनी विचारलं.

"दोन्हीला," मी म्हणाले.

"मग मधलं घे, पोरी. मोठ्याचा तुला उपयोग न्हाई. घरच्या गाडीला तोफ कशाला?"

"पण काका, काल दोनशे ऐंशीनं नट हलला नाही. मी हिशोब केलाय. ताकद शिल्लक असलेली बरी."

शौकतभाईंनी आप्पांकडे बघितलं. वर्षानुवर्षं त्यांच्यातली बोलणी अशीच चालायची, निम्मी नजरेनं. आप्पा मात्र त्यांच्याकडे बघत नव्हते. ते मोठ्या यंत्राकडे बघत होते.

"या गनला कळतं का, कुठं थांबायचं ते?" आप्पांनी मला विचारलं.

"सहाशेपर्यंत जातं," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. मी त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिलंय असं त्यांना वाटलं, आणि मलाही.

बुधवारी सकाळी आम्ही चाकं उघडली. सहाशेचं यंत्र नटाला लावून मी कळ दाबली. ठकठकठकठक असा पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज झाला आणि ज्या नटानं आप्पांना कुंड्यांमध्ये बसवलं होतं तो तीन सेकंदांत माझ्या तळहातावर होता. घरातून बाळ किंचाळलं. ताई दारात आली.

"आप्पा, हिला दुपारी झोपवायला तुम्ही येणार आहात का?"

"येतो की. हेच वाजवून झोपवतो," आप्पा म्हणाले. त्या आठवड्यात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

ब्रेक पॅड त्यांनीच बदलले. त्यांचे हात मोठे, संथ, कुठं काही शोधावं न लागणारे. एकदा एक छोटी क्लिप त्यांच्या बोटांतून तीन वेळा निसटली, तेव्हा त्यांनी ती मला लावायला सांगितली. "डोळे गेले आता," ते म्हणाले.

मग चाकं परत चढवायची वेळ आली. लहानपणापासून मी एक गोष्ट बघितली होती. गाडीचं कुठलंही काम आप्पा दुसऱ्याला करू देत, पण शेवटचा नट आवळायचं काम नाही. हात लावायला गेलं की म्हणत, "थांब. ते माझं." कारखान्यातही तसंच असायचं म्हणे. हंगामात ट्रक निघण्यापूर्वी ड्रायव्हर त्यांना हाक मारून चाकांना त्यांचा हात लावून घ्यायचे.

मी पाना उचलून त्यांच्यापुढे धरला. ते जरा मागे सरकले.

"मशीननंच आवळ," ते म्हणाले.

मी आवळले. आठ नट, प्रत्येकी चार-पाच सेकंद. सॉकेट फिरायचं थांबल्यावरही मी जरा जास्त दाबून धरलं, खात्री म्हणून. आप्पा उकिडवे बसून नुसते ऐकत होते. झाल्यावर त्यांनी ताईला हाक मारून तिची नेलपॉलिशची बाटली मागितली. गडद गुलाबी होती. त्यांनी डाव्या हातानं, जीभ दातांत धरून, प्रत्येक नटावर एक रेघ ओढली. ती नटावर सुरू होऊन खाली रिमवर संपत होती.

"हे काय? हळदीकुंकू?" मी विचारलं.

"खूण. नट हलला तर रेघ तुटती. कारखान्यात पिवळा रंग असायचा."

"एवढं आवळल्यावर कसा हलेल?"

"न्हाई हलला तर चांगलंच की."

गुरुवारी सकाळी आम्ही दोघं चाचणीला निघालो. पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत, चाळीसेक किलोमीटर. ब्रेक लोण्यासारखे लागत होते. परत आल्यावर मी गेट लावेपर्यंत आप्पा पुढच्या डाव्या चाकासमोर बसलेले होते. मी जवळ गेले. चारपैकी तीन रेघा सरळ होत्या. चौथ्या नटावरचा गुलाबी तुकडा रिमवरच्या तुकड्यापासून बोटभर सरकला होता.

"पाना दे," ते म्हणाले. मग लगेच, "न्हाई. तूच लाव."

मी पाना लावला आणि घट्ट करायला गेले. तो फिरला. आणखी फिरला. विरोध होता, पण घट्ट होत जाणारा नव्हता, चिकट काकवीत पळी फिरवल्यासारखा होता. मग काहीतरी हलकेच तुटलं आणि नट हातात आला. त्याच्या आत स्टडचा, म्हणजे नट ज्यावर चढतो त्या आट्यांच्या दांड्याचा, बोटाच्या पेराएवढा तुकडा होता. तुटलेल्या जागी लोखंड मानेसारखं बारीक झालेलं.

मी खाली बसले. ही मान मी पुस्तकात बघितली होती, परीक्षेत काढली होती, तिची आकृती काढून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. तार ताणत गेलं की एका मर्यादेपर्यंत ती मागे येते. त्या मर्यादेच्या पुढं गेली की येत नाही, बारीक होत जाते आणि तुटते. स्टड म्हणजे एक जाड स्प्रिंगच. ती ताणलेली असते म्हणून चाक धरून ठेवते. मी तिला इतकं ताणलं होतं की तिच्यात धरून ठेवायला काही उरलंच नव्हतं. गाडीच्या पुस्तकात नटासाठी किती पीळ लिहिलाय ते मी बघितलंसुद्धा नव्हतं. आता डॅशबोर्डच्या कप्प्यातून ते काढून बघितलं. शंभर. मी सहाशेचं यंत्र खात्रीसाठी जास्तीचं दाबून धरलं होतं, आठही नटांवर.

फोंडा घाट. मागच्या सीटवर ताई आणि तिच्या मांडीवर बाळ. पुढचं मी मनात येऊ दिलं नाही.

"आप्पा, तुम्ही मला थांबवलं का नाही?" माझा आवाज चढला होता. "तुम्हाला माहीत होतं. गॅरेजवाल्याला तुम्हीच शिव्या देता. तुम्ही कधी कुणाला आवळू देत नाही, आणि नेमकं या वेळी."

ते पायरीवर बसले. उजवा हात त्यांनी मांडीवर उलटा ठेवला, एखादं बिघडलेलं हत्यार ठेवावं तसा.

"अंगठा आणि ही दोन बोटं," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. ताकद हाय. गाडी चालवतो, बादली उचलतो. पण बारीक कळत न्हाई. बटण कळत न्हाई. नट कुठं बसला ते कळत न्हाई."

मी त्यांच्या टी-शर्टकडे बघितलं.

"आवळताना एक जागा येती," ते पुढं म्हणाले. "हाताला सांगती, बास. एकतीस वर्षं मी तेवढ्यावरच काम केलं. आता तिथं काय सुद्धा न्हाई. म्हणून गेल्या वर्षी टायरला गॅरेजमध्ये गेलो. म्हटलं, करंल तो. त्यानं काय केलं ते बघितलंस. मग तू कागद आणलास. त्यावर आकडे होते. मला वाटलं, माझ्या हाताला कळत न्हाई ते या मशीनला कळत असंल."

मी सहाशेच्या खाली दोन रेघा मारल्या होत्या, त्या आठवल्या.

"आईला माहीत आहे?"

"न्हाई. तिला सांगितलं तर गाडी विकायला लावंल. रविवारी जावईबापूंना बोलव. मी काय, बसने येतो मागनं."

ते उठायला लागले. खिडकीतून आईचा आवाज आला. ती किती वेळ तिथं होती देव जाणे.

"बटणं दोन वर्षं मीच लावते. मला माहीत नाही कसं?"

आप्पा पुन्हा बसले. आतून बाळाचा, काही नको असतानाचा, सुखी आवाज येत होता.

"गाडी विकायचं मी कधी म्हटलंय?" आई म्हणाली. "चाक नीट बसलंय हे कळल्याशिवाय लेक जाणार नाही, एवढंच म्हणते. कसं कळवून घ्यायचं ते तुम्ही दोघं बघा. एक फिटर आणि एक एमएस्सी."

मी शौकतभाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत, हे जास्त लागलं. "आठही स्टड बदल. एक तुटला म्हणजे बाकीचे तुटायचे राहिलेत," ते म्हणाले. "माप बघून आवळायचा पाना येतो, टॉर्क रेंच. माझ्याकडं आत्ता न्हाई. मागवला तर बुधवार उजाडंल."

बुधवार म्हणजे रविवारनंतर. मी फोन ठेवला आणि अंगणात फेऱ्या मारायला लागले. शंभर न्यूटन मीटर. पाना चाळीस सेंटिमीटर. रविवारी आप्पा पान्यावर झुलत होते तेव्हा मी हाच गुणाकार केला होता, नुसती गंमत म्हणून. तोच उलटा केला तर? मी खडूनं फरशीवर आकडे मांडले. शंभर भागिले शून्य पूर्णांक चार, भागिले नऊ पूर्णांक आठ. साडेपंचवीस. पान्याच्या टोकाला साडेपंचवीस किलोचा ओढा दिला की नट बरोबर बसला. ओढा मोजायचा कशानं, एवढंच राहिलं.

"आई, तुझा काटा कुठाय?"

आईकडे एक स्प्रिंगचा काटा होता. वर कडी, खाली लटकवायचा आकडा, मध्ये पन्नास किलोपर्यंतची पट्टी. रद्दीवाल्याच्या काट्यावर तिचा विश्वास नव्हता. तो आला की ती आधी स्वतःच्या काट्याला रद्दी लटकवायची आणि मग त्याला म्हणायची, "आता तुझा दाखव." तो काटा ती कुणाला हात लावू द्यायची नाही.

"माझा काटा मोडाल."

"मोडत नाही. पन्नासपर्यंत जातो."

"तुझी मशीन सहाशेपर्यंत जात होती," ती म्हणाली आणि आत जाऊन काटा घेऊन आली.

आधी काटाच तपासला. तांदळाचं पंचवीस किलोचं न फोडलेलं पोतं त्याला लटकवलं. पंचवीसच्या किंचित वर दाखवलं, पोत्याच्या वजनाइतकं. आई माझ्याकडे बघत राहिली, तिच्या काट्यावर शंका घेतल्याबद्दल.

शुक्रवारी आठ नवे स्टड बसवून घेतले. शनिवारी सकाळी चाकं चढवली. मी पाना नटाला आडवा लावला, टोकाशी काट्याचा आकडा अडकवला, आणि कडी आप्पांच्या हातात दिली.

"सरळ वर ओढायचं. तिरकं नको. काटा साडेपंचवीसवर आला की थांबायचं."

त्यांनी कडी धरली. उजव्या हातानं. आणि हाताकडे न बघता पट्टीकडे बघत ओढायला सुरुवात केली.

"अठरा," ते म्हणाले. "एकवीस. चोवीस."

नट हळूहळू फिरत होता. मग थांबला.

"साडेपंचवीस."

ते तसेच धरून राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पान्यावर डावा हात ठेवून नट अगदी जरासा चाचपला आणि एकदम म्हणाले, "इथंच. इथंच यायचा माझा हात."

बाकीचे सात त्यांनी एकट्यानं आवळले. मी फक्त काटा काढून देत होते. प्रत्येक वेळी आकडा मोठ्यानं म्हणायचे, बाजारात वजन पुकारल्यासारखा. आठव्याला ताई बाळाला घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आप्पा, हिचंही वजन करता का त्याच्यावर?"

"हिचं सोनाराच्या काट्यावर," आप्पा म्हणाले आणि नेलपॉलिश मागितली.

त्याच दिवशी पुन्हा पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. आठही रेघा सरळ. तरी रविवारी पहाटे आप्पांनी नाश्ता केला नाही. परत आल्यावर खातो म्हणाले, जणू कोपऱ्यावर जाऊन यायचं होतं. काटा त्यांनी टॉवेलात गुंडाळून डिकीत ठेवला.

घाट त्यांनी दुसऱ्या गिअरमध्ये उतरला. ताईला काही सांगितलेलं नव्हतं, पण तिनं एक हात बाळावर आणि दुसरा दाराच्या कडीवर ठेवला होता. पायथ्याशी पहिलं हॉटेल आलं तशी आप्पांनी गाडी बाजूला घेतली. उतरले. डाव्या चाकासमोर बसले, मग उजव्या. मी काचेतून त्यांचं टक्कल बघत होते. ते फार वेळ वर आलं नाही. मग आलं.

"आठ हायत," ते म्हणाले. "आठच्या आठ."

आणि हॉटेलवाल्याकडे वळून त्यांनी दोन प्लेट भजी, एक मिसळ आणि चहा सांगितला. सगळं स्वतःसाठी. आम्हाला काय हवं ते नंतर विचारलं.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. पुढं त्यांच्या मानेच्या मणक्यावर उपचार झाले, दोन बोटं बरीचशी सुधारली, अंगठा तसाच राहिला. मी पहिल्या पगारातून टॉर्क रेंच घेऊन दिला, तो त्याच्या डबीत आहे. ते मोठं यंत्र फक्त सोडायला वापरतात. आवळायला काटाच लागतो.

त्या दिवशी मात्र मिसळ अर्धी झाली असताना माझा फोन वाजला. आई होती. घाट उतरलात का, चाकं कशी आहेत, असलं काही तिनं विचारलं नाही.

"माझा काटा जागेवर नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडे आहे का?"

"आहे. डिकीत. आप्पांनी घेतलाय."

पलीकडून तिनं सोडलेला श्वास मला ऐकू आला.

"असू दे मग," ती म्हणाली. "येतानाही लागेल."